आई-बाबा मिरजेत, नाव मात्र अमेरिकेच्या रिटर्नमध्ये

वाचकाची अडचण

न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या, चौतिशीतल्या एका अविवाहित वाचक भगिनीचं हे पत्र आहे. त्यांचे आई-बाबा मिरजेला असतात आणि दर महिन्याला त्या घरी ६० हजार रुपये पाठवतात. २०२३ मध्ये आई-बाबा १० मे ते २८ ऑक्टोबर आणि २०२४ मध्ये १ जून ते २० ऑगस्ट या काळात त्यांच्याकडे राहून गेले. ओळखीतून मिळालेल्या एका टॅक्सवाल्याने पहिल्या मुक्कामात दोघांचे आयटीआयएन नंबर, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचे ओळखक्रमांक, काढून दिले. मग २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांच्या रिटर्नमध्ये दोघांना डिपेंडंट (अवलंबून असलेली व्यक्ती) दाखवलं आणि वाचक भगिनींना 'हेड ऑफ हाउसहोल्ड' (घर चालवणाऱ्या अविवाहितांचा, कमी कराचा दर्जा) केलं. रिफंड चांगला आला, कोणी काही विचारलं नाही. यंदा २०२५ चं रिटर्न त्या स्वतः भरायला बसल्या तेव्हा सॉफ्टवेअरने विचारलं, 'ही व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी आहे का?' तिथे त्या थबकल्या. मैत्रीण म्हणते, तीन वर्षं गप्प बस, प्रकरण आपोआप मिटेल. ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू असल्यामुळे त्यांना भीती वाटते. शिवाय एक प्रश्न मनातून जात नाही: 'मी त्यांना खरंच सांभाळते. मग हे खोटं कसं?'

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची भीती त्याच्याच भोवती आहे. तुम्ही आई-बाबांना सांभाळता हे खरंच आहे आणि आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, त्यावर बोट ठेवलेलं नाही. डिपेंडंटच्या बाबतीत अमेरिकेचा कायदा खर्च कोण करतं हे विचारतोच, पण त्याबरोबर आणखी तीन-चार गोष्टी विचारतो. त्या सगळ्या एकाच वेळी जुळाव्या लागतात, एक जरी हुकली तरी दावा बाद होतो. तुमच्या बाबतीत हुकलेली अट खर्चाची नाही, राहण्याची आहे. डिपेंडंट अमेरिकेचा नागरिक असावा लागतो, नाहीतर करापुरता अमेरिकेचा रहिवासी, नाहीतर कॅनडा किंवा मेक्सिकोचा रहिवासी. भारत या यादीत नाही. मिरजेच्या घराचा सगळा खर्च तुम्ही एकट्यांनी उचललात तरी उत्तर बदलणार नाही.

'पण ते सहा महिने माझ्याकडे होते ना?' हा पुढचा प्रश्न योग्य आहे, आणि तो नीट मोजून सोडवायचा असतो. व्हिजिटर व्हिसावर आलेली माणसंसुद्धा दिवसांच्या हिशेबाने करापुरती रहिवासी ठरू शकतात. हिशेब असा: चालू वर्षातले सगळे दिवस, त्याआधीच्या वर्षातल्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याच्याही आधीच्या वर्षातल्या दिवसांचा एक षष्ठांश. ही बेरीज १८३ किंवा त्याहून जास्त हवी आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस हवेत. विमानातून उतरलेला दिवस आणि परतीचा दिवस, दोन्ही धरायचे.

तुमच्या तारखांप्रमाणे २०२३ मध्ये १७२ दिवस झाले. त्याआधीची दोन वर्षं ते आले नव्हते असं धरलं तर बेरीज १७२ वरच थांबते, म्हणजे ११ दिवस कमी पडले. २०२४ मध्ये ८१ दिवस, अधिक १७२ चा एक तृतीयांश म्हणजे ५७ आणि थोडे, मिळून १३८. तेव्हाही नाही. थोडक्यात, दोन्ही वर्षी आई-बाबा करापुरते अमेरिकेचे रहिवासी नव्हते. माझ्यावर विसंबू नका. दोघांच्या पासपोर्ट नंबरवरून आय-९४ च्या (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीच्या) संकेतस्थळावर त्यांच्या येण्या-जाण्याच्या तारखा निघतात. त्या काढा, हा हिशेब स्वतः कागदावर मांडा आणि तो कागद रिटर्नच्या फाइलमध्ये ठेवा. पुढे कोणी विचारलं तर पहिल्यांदा तोच लागेल.

बाबांच्या नावापुढे दुसरी अडचणही आहे. डिपेंडंटचं स्वतःचं वर्षाचं उत्पन्न एका मर्यादेच्या आत लागतं. ती मर्यादा २०२३ साठी ४,७०० डॉलर, २०२४ साठी ५,०५० आणि २०२५ साठी ५,२०० आहे. तुम्ही लिहिलंय की बाबांचे ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत आणि त्यांच्या नावावरच्या दुकानगाळ्याचं भाडं महिना १८ हजार येतं. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे वर्षाला २ लाख ४६ हजार. भाडं २ लाख १६ हजार. दोन्ही मिळून ४ लाख ६२ हजार रुपये. २०२४ चा सरासरी दर ८३ रुपये ७० पैशांच्या आसपास धरला तर साडेपाच हजार डॉलर झाले. मर्यादा ओलांडली. आणि भाडं धरताना घरपट्टी किंवा दुरुस्ती वजा करता येत नाही, हातात आलेलं सगळं भाडं मोजायचं. भारतातल्या आयकराच्या सवयीने ३० टक्के वजावट धरून हिशेब करणारे इथे हमखास चुकतात.

आता 'सरकारने आयटीआयएन दिला, म्हणजे मान्य केलं' ही समजूत. आयटीआयएन हा फक्त ओळखक्रमांक आहे. तो मिळाला म्हणजे ती व्यक्ती त्या वर्षी तुमची डिपेंडंट ठरली असं होत नाही. ते दरवर्षी नव्याने तपासायचं असतं. रिफंडचंही तसंच. आयआरएस आधी पैसे पाठवते, पडताळणी नंतर करते. रिफंड खात्यात जमा झाला म्हणजे आकडे तपासून झाले असं समजू नका.

नुकसान नक्की किती

बहुतेकांना वाटतं की डिपेंडंट काढला की त्याच्यामागे मिळणारं ५०० डॉलरचं क्रेडिट, म्हणजे करातून थेट मिळणारी सूट, तेवढं जातं. विवाहित जोडप्याने एकत्र रिटर्न भरलं असेल तर साधारण तेवढंच: दोघांचे मिळून वर्षाला १,००० डॉलर. तुमच्या बाबतीत मोठी रक्कम वेगळीकडे दडलीय. अविवाहित मुलीला आई किंवा वडिलांमुळे 'हेड ऑफ हाउसहोल्ड' होता येतं आणि त्यासाठी त्यांनी तिच्या घरात राहावं लागत नाही, हे खरं आहे. पण मुळात ते डिपेंडंट ठरावे लागतात. नाव निघालं की दर्जाही जातो आणि तुम्ही 'सिंगल' होता.

२०२४ चा हिशेब मांडते. तुम्ही कळवलेला पगार १ लाख १८ हजार डॉलर. दुसरं काही उत्पन्न नाही असं धरू. हेड ऑफ हाउसहोल्डची प्रमाणित वजावट २१,९०० होती, सिंगलची १४,६००. म्हणून करपात्र रक्कम ९६,१०० ऐवजी १,०३,४०० होते. कर १४,५०७ ऐवजी १७,८५९. म्हणजे ३,३५२ चा फरक, वर डिपेंडंटचं १,००० चं क्रेडिट गेलं. एकूण ४,३५२ डॉलर. २०२३ मध्ये १ लाख १२ हजार पगारावर याच पद्धतीने सुमारे ४,१९० डॉलर निघतात. दोन वर्षांचे मिळून साडेआठ हजार.

त्यावर व्याज. २०२३ च्या रकमेवर १५ एप्रिल २०२४ पासून आणि २०२४ च्या रकमेवर १५ एप्रिल २०२५ पासून. व्याजाचा दर २०२४ मध्ये वार्षिक ८ टक्के होता, २०२५ मध्ये ७ टक्के, आणि ते रोज चक्रवाढीने चढतं. २०२५ अखेरपर्यंत पहिल्या रकमेवर अंदाजे ५६५ आणि दुसरीवर २२० डॉलर झाले असतील.

राज्याचा कर अजून बाकी आहे, आणि तो बरेच जण विसरतात. न्यू जर्सीत हेड ऑफ हाउसहोल्डला जोडप्यांचा दरतक्ता लागतो, सिंगलला वेगळा आणि महाग. शिवाय प्रत्येक डिपेंडंटमागे १,५०० डॉलरची सूट मिळते, तीही जाते. तुमच्या पगाराला राज्याचा फरक दरवर्षी दीड हजार डॉलरच्या पुढे जाईल. सगळं मिळून साडेबारा-तेरा हजार डॉलरची तयारी ठेवा. रक्कम मोठी आहे, वाचून पोटात गोळा येईल. पण आकडा माहीत असला की पुढचे निर्णय भीतीने घ्यावे लागत नाहीत, म्हणून तो आधी सांगितला.

गप्प बसावं का

मैत्रिणीचा तीन वर्षांचा हिशेब हवेतून आलेला नाही. कर वाढवून मागायला आयआरएसला साधारणपणे तीन वर्षं असतात. तुमचं २०२३ चं रिटर्न १५ एप्रिल २०२७ पर्यंत आणि २०२४ चं १५ एप्रिल २०२८ पर्यंत उघडं आहे. पण जाणूनबुजून फसवलं असं ठरलं तर मुदतच उरत नाही. चूक माहीत नव्हती तोवर ती चूक होती. आज ती तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही मला लिहून कळवलीही आहे. अशा वेळी नुसतं थांबून राहणं मला पटत नाही.

आणि स्वतःहून दुरुस्त करण्यात रोख फायदा आहे. कमी भरलेल्या करावर आयआरएस २० टक्के दंड लावू शकते. साडेआठ हजारांवर तो १,७०० होतो. त्या रिटर्नच्या तपासणीसाठी आयआरएसने तुमच्याशी पहिला संपर्क साधण्याआधी सुधारित रिटर्न गेलं, तर दुरुस्त केलेल्या रकमेवर हा दंड लागत नाही. फक्त कर आणि व्याज. पत्र आल्यानंतर ही सवलत हातची जाते. त्याशिवाय, नियमांकडे बेफिकिरीने दुर्लक्ष करून डिपेंडंटचं क्रेडिट घेतलं असं ठरलं तर ते क्रेडिट पुढची दोन वर्षं बंद होतं, फसवणूक ठरली तर दहा वर्षं. उद्या लग्न झालं, मूल झालं, तर त्या मुलाच्या क्रेडिटलाही ही बंदी लागू होईल.

ग्रीन कार्डबद्दल. सुधारित रिटर्न भरणं ही रोजची, साधी गोष्ट आहे. ते भरल्यामुळे आपोआप तपासणी लागत नाही आणि तुमच्या अर्जावर त्याचा डाग पडत नाही. इमिग्रेशनवाले कधीकधी कराचे ट्रान्सक्रिप्ट मागतात, आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात थकलेला कर आहे का असा थेट प्रश्न असतो. त्या वेळी 'चूक झाली होती, स्वतःहून दुरुस्त केली, पैसे भरले' असं दाखवणारा कागद हातात असणं कधीही चांगलं. धोका खरा असेल तर तो यंदा आहे. २०२५ च्या रिटर्नवर तुम्ही सही कराल ती खोटं लिहिल्यास शिक्षेला पात्र असल्याच्या प्रतिज्ञेखाली. माहीत असून पुन्हा तीच नावं घातली तर मागच्या दोन वर्षांची चूकही जाणूनबुजून केलेली दिसेल.

दुरुस्ती कशी करायची

आधी स्वतःचं मूळ रिटर्न हातात घ्या. टॅक्सवाल्याने पीडीएफ दिलं नसेल तर आयआरएसच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अकाउंट उघडा आणि दोन्ही वर्षांचे रिटर्न ट्रान्सक्रिप्ट व अकाउंट ट्रान्सक्रिप्ट उतरवून घ्या. पहिल्यात तुमच्या नावाने काय भरलं गेलं ते दिसतं, दुसऱ्यात त्यानंतर आयआरएसने काही बदललं का ते. याच अकाउंटमध्ये आलेल्या नोटिसाही दिसतात. नोटीस आधीच येऊन पडली असेल तर इथे थांबा आणि एखाद्या सीपीए किंवा एनरोल्ड एजंटकडे, म्हणजे परवानाधारक करसल्लागाराकडे, जा. तो मार्ग वेगळा आहे.

पीडीएफ मिळालं तर दुसऱ्या पानाच्या तळाशी पैसे घेऊन रिटर्न तयार करणाऱ्याचा चौकोन बघा. तिथे टॅक्सवाल्याचं नाव, सही आणि पीटीआयएन (रिटर्न तयार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) हवा. हेड ऑफ हाउसहोल्ड दाखवलं असेल तर सोबत ८८६७ नंबरचा फॉर्मही जोडलेला हवा. त्यात पात्रतेचे प्रश्न विचारल्याची नोंद तो करतो. चौकोन रिकामा असेल किंवा 'स्वतः तयार केलेलं' असं छापलं असेल तर पैसे घेऊनही त्याने सही केलेली नाही. अशा माणसाकडे दुरुस्तीसाठी परत जाऊ नका. त्याची तक्रार १४१५७ नंबरच्या फॉर्मवर करता येते. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत दुरुस्ती अडवून ठेवू नका. रिटर्न कोणीही भरलेलं असो, कर तुमच्याच नावावर आहे.

सुधारणेचा फॉर्म म्हणजे १०४०-एक्स. दर वर्षासाठी वेगळा. २०२५ च्या रिटर्नचा हंगाम सुरू झाल्यावर २०२५, २०२४ आणि २०२३ अशी तिन्ही वर्षं ई-फाइलने सुधारता येतात. मूळ रिटर्न त्या वर्षी ई-फाइल झालेलं असावं. सॉफ्टवेअर मानत नसेल तर कागदावर भरा, पण दोन वर्षांची दोन पाकिटं करा आणि प्रत्येकावर शाईने सही करा. एकाच पाकिटात दोन फॉर्म घालणं किंवा सही विसरणं, या दोन कारणांनी कागद महिनोन्महिने अडकतात.

फॉर्ममध्ये तीन रकाने असतात. ए मध्ये मूळ आकडा, बी मध्ये बदल, सी मध्ये बरोबर आकडा. तुमचा २०२४ चा फॉर्म असा दिसेल. वर फायलिंग स्टेटस 'सिंगल'. दुसऱ्या ओळीत वजावट: ए मध्ये २१,९००, बी मध्ये उणे ७,३००, सी मध्ये १४,६००. पाचव्या ओळीत करपात्र रक्कम: ९६,१००, अधिक ७,३००, १,०३,४००. सहाव्या ओळीत कर: १४,५०७, अधिक ३,३५२, १७,८५९. सातव्या ओळीत क्रेडिट: १,०००, उणे १,०००, शून्य. आणि अठरावी ओळ विसरू नका. मूळ रिटर्नप्रमाणे जो रिफंड निघाला होता तो तिथे लिहायचा असतो. ती ओळ कोरी राहिली की रिफंड मिळालाच नव्हता असं धरून हिशेब होतो आणि विसाव्या ओळीतली भरायची रक्कम कमी निघते. मग दोन महिन्यांनी उरलेल्या पैशांची नोटीस घरी येते. दोन्ही वर्षांच्या फॉर्ममध्ये एकदा उलटा ताळा करा: विसाव्या ओळीचा आकडा म्हणजे कराचा फरक आणि गेलेलं क्रेडिट यांची बेरीज असली पाहिजे. नसली तर कुठलीतरी ओळ चुकलीय.

बदलाचं कारण लिहायची जागा असते. तिथे इंग्रजीत तीन वाक्यं पुरतात: ज्यांना डिपेंडंट दाखवलं ते आई-वडील त्या वर्षी अमेरिकेचे नागरिक किंवा करापुरते रहिवासी नव्हते, म्हणून दोन्ही नावं काढली, त्यामुळे फायलिंग स्टेटस सिंगल केलं आणि क्रेडिट रद्द केलं. टॅक्सवाल्याची कहाणी, घरची परिस्थिती, क्षमायाचना, यातलं काही नको. वाचणाऱ्याला आकडे का बदलले एवढंच हवं असतं.

फॉर्म पाठवण्यापूर्वी तुमची स्वतःची बाजूही एकदा बघा. भारतातल्या तुमच्या एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यांचं व्याज या दोन वर्षांत दाखवलं होतं का? एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत ते उत्पन्नच आहे. राहिलं असेल तर याच १०४०-एक्समध्ये आणा. त्याच वर्षासाठी दुसऱ्यांदा सुधारणा करायची वेळ येऊ देऊ नका. कंपनीच्या हेल्थ एफएसएमधून (औषधोपचारासाठी पगारातून करमुक्त बाजूला काढलेल्या पैशांतून) आई-बाबांच्या इथल्या डॉक्टरचं बिल भागवलं असेल तर तेही तपासा. उत्पन्नाची मर्यादा तिथे नसते, पण राहण्याची अट तिथेही आहे. म्हणून तो खर्च बसत नाही आणि प्लॅन चालवणाऱ्या कंपनीला विचारून परत करावा लागतो.

पैसे फॉर्मबरोबरच भरा. आयआरएसच्या डायरेक्ट पे वर कारण म्हणून 'अमेंडेड रिटर्न' निवडायचं, फॉर्म १०४०-एक्स आणि नेमकं वर्ष. दोन वर्षांच्या रकमा दोनदा, वेगवेगळ्या. एकरकमी भरून चुकीचं वर्ष निवडलं की एका वर्षात पैसे जास्त पडून राहतात आणि दुसऱ्या वर्षावर व्याज चढत राहतं. व्याजाचा आकडा तुम्ही काढायची गरज नाही. आयआरएस तो काढून बिल पाठवते. ते आलं की २१ दिवसांत भरा, त्यानंतर महिना अर्धा टक्का दंड सुरू होतो. सगळी रक्कम हाताशी नसेल तर १८० दिवसांची मुदत ऑनलाइन मागता येते आणि तिला अर्जाचं शुल्क नाही. त्याहून लांबचे हप्तेही मिळतात. पण क्रेडिट कार्डावर हा कर भरू नका. वर्षाला ७ टक्क्यांचं देणं फेडायला त्याच्या तिप्पट व्याजाचं कर्ज कशाला काढायचं?

फॉर्म गेल्यावर साधारण तीन आठवड्यांनी 'व्हेअर्स माय अमेंडेड रिटर्न' वर तो दिसू लागतो. पूर्ण व्हायला ८ ते १२ आठवडे, कधी १६. मधल्या काळात अकाउंट ट्रान्सक्रिप्टवर ९७७ असा कोड येतो, म्हणजे सुधारित रिटर्न नोंदलं गेलं. पुढे २९० येतो, म्हणजे वाढीव कर लागला. हे आकडे बघून घाबरू नका, आणि फॉर्म पोचला नाही असं समजून दुसरा पाठवू नका. दुसऱ्या फॉर्ममुळे पहिलाही अडतो.

न्यू जर्सीसाठी एनजे-१०४०एक्स भरा, तोही दर वर्षाचा वेगळा. फेडरल फॉर्मची प्रत जवळ ठेवा. राज्याकडे ही माहिती पुढेमागे पोचतेच, तेव्हा तिथेही पहिलं पाऊल तुमचंच असू द्या.

इतर वाचकांसाठी

ज्यांचे आई-वडील दरवर्षी जवळजवळ सहा महिने येतात, त्यांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. सलग दोन वर्षं १८० दिवस राहिले तर दुसऱ्या वर्षाची बेरीज २४० होते आणि ते करापुरते रहिवासी ठरतात. सलग तीन वर्षं नुसते १२२ दिवस राहिले तरी तिसऱ्या वर्षी बरोबर १८३ होतात. मग राहण्याची अट सुटते. उत्पन्न मर्यादेत असेल आणि निम्म्याहून जास्त खर्च तुमचा असेल तर डिपेंडंटचा दावा खराही ठरेल. पण रहिवासी ठरणं ही एकतर्फी गोष्ट नाही. त्या वर्षी आई-वडिलांच्या जगभरातल्या उत्पन्नावर अमेरिकेचा नियम लागू होतो. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली, म्हणजे साडेआठ-नऊ लाख रुपये, तर त्यांना एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. आयुष्यभराची पुंजी ठेवींत ठेवलेल्या कुठल्याही निवृत्त माणसाची शिल्लक तेवढी असतेच, आणि एफबार चुकला तर दंड हजारो डॉलरपर्यंत जातो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. माणशी ५०० डॉलरच्या क्रेडिटसाठी सत्तरीतल्या आई-वडिलांना या जाळ्यात ओढू नका. चालू वर्षातले दिवस १८३ पेक्षा कमी असतील, त्यांचं घरदार भारतात असेल आणि त्यांनी ग्रीन कार्डसाठी अर्ज केलेला नसेल, तर ८८४० नंबरचा फॉर्म भरून ते अनिवासीच राहू शकतात. अमेरिकेत पगार नसलेल्यांसाठी त्याची मुदत पुढच्या वर्षीचा १५ जून. हा फॉर्म माहीत नसल्यामुळे न भरणारेच जास्त दिसतात. मात्र तो भरला की त्यांना डिपेंडंट दाखवता येत नाही. एकाच वर्षी आई-वडील रिटर्नमध्ये रहिवासी आणि ८८४० मध्ये अनिवासी, असं करू नका.

दोन भावंडं अमेरिकेत असतील आणि दोघांनीही आईचं नाव घातलं असेल तर दोघांनाही सीपी-८७ए हे पत्र येतं. ज्याचा हक्क नाही त्याने १०४०-एक्स भरायचा, ज्याचा आहे त्याने काही करायचं नाही. आधी एकमेकांना फोन करा, नाहीतर दोघंही घाबरून नाव काढतात. एच-४ (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वर आलेल्या मुलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसतो. त्यांच्यासाठी आयटीआयएनवर मोठं चाइल्ड टॅक्स क्रेडिट घेतलं गेलं असेल तर तेही दुरुस्त करा, मूल अमेरिकेत राहत असेल तर ५०० चं क्रेडिट मिळतं. आणि नवरा किंवा बायको कधीच डिपेंडंट नसते, जोडपी सहसा रिटर्न एकत्र भरतात.

आई-बाबांना काय सांगायचं

तुम्ही लिहिलंत की बाबांना वाईट वाटेल, आपलं नाव लेकीने कागदावरून काढलं असं. त्यांना आकड्यांतच सांगा. तुमचे ६० हजार पूर्वीसारखेच येणार आहेत आणि त्याला कोणाची आडकाठी नाही. वर्षाचे साधारण ८,६०० डॉलर होतात, आणि एका व्यक्तीला २०२५ मध्ये १९ हजार डॉलरपर्यंत भेट देताना अमेरिकेत कुठलाही फॉर्म लागत नाही. भारतात मुलीकडून आई-वडिलांना आलेल्या पैशांवर त्यांना कर नाही. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेर पाठवलेल्या पैशांवर जो १ टक्का कर लागलाय, तो रोख रक्कम किंवा मनीऑर्डर देऊन पाठवणाऱ्यांना आहे. तुम्ही इथल्या बँक खात्यातून पाठवता, तुम्हाला तो नाही. बाबांचं त्या रिटर्नमधून नाव निघाल्यामुळे त्यांच्या पुढच्या व्हिसावर किंवा भारतातल्या त्यांच्या रिटर्नवर परिणाम होत नाही. आयटीआयएन परत करावा लागत नाही. सलग तीन वर्षं कुठल्याही रिटर्नवर वापरला नाही की तो आपोआप कालबाह्य होतो.

२०२५ चं रिटर्न १५ एप्रिल २०२६ पर्यंत 'सिंगल' म्हणून भरा. त्या वर्षी आई-बाबा आलेच नव्हते, तेव्हा तिथे विचार करण्यासारखं काही नाही. जुन्या दोन वर्षांचं काम पुरं व्हायची वाट पाहून हे अडवू नका. आणि याच आठवड्यात कंपनीच्या पेरोलमध्ये तुमचा डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा फॉर्म) उघडून बघा. पहिल्या टप्प्यात हेड ऑफ हाउसहोल्डवर खूण आणि तिसऱ्या टप्प्यात दोन डिपेंडंटचे १,००० डॉलर अजून तसेच असतील, तर दर पगारातून कर कमी कापला जातोय. तिथे 'सिंगल' करा आणि तो आकडा पुसा. २०२५ चं रिटर्न भरताना याच कारणाने काही रक्कम निघेल, ती वर सांगितलेल्या पैशांत धरलेली नाही.